शिशाची गोळी, शिशाचा खिळा

‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत चांगला रुळलेला आहे. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या गावात पीकसंरक्षणाचा परवाना असलेला एखादा शेतकरी असतो आणि त्याच्या घरची बंदूक बहुधा बारा बोअरची असते. पण हे बारा म्हणजे बारा काय, असे विचारले तर उत्तर सहसा मिळत नाही. मिलिमीटर नव्हेत, इंचाचे भागही नव्हेत. एक पौंड शिसे घेऊन त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम. वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते, याचेही कारण हेच. पौंडाच्या वीस गोळ्या केल्या की प्रत्येक गोळी लहान होणारच.

आज त्या बंदुकीत छर्रे भरलेले काडतूस घालतात. एकसंध ओतीव गोळी कोणी क्वचितच पाहिलेली असते. तरीही परवान्याच्या कागदावर शिसे तोलून गोळ्या ओतणाऱ्या कुणा जुन्या माणसाचा हिशेब शिल्लक राहिला आहे. हा माणूस आपल्या इतिहासातून कसा गेला, हा या लेखाचा विषय. तलवारी, तोफा, गड यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. गोळी कोण करत होते आणि ती करण्याची ताकद त्याच्या हातून कधी सुटली, याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. मी वाई परिसर डोळ्यांसमोर ठेवून हा माग काढला. त्याचे एक टोक आजच्या अर्धस्वयंचलित रायफलीत निघते आणि दुसरे, माझी अजिबात अपेक्षा नसताना, वाईच्याच छापखान्यात.

शिशाचा सगळा प्रताप त्याच्या मऊपणात आहे. लोखंड वितळायला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते, तांब्याला १०८५. शिसे ३२७ अंशांना पाणी होते. त्यासाठी भट्टी लागत नाही, भाता लागत नाही. स्वयंपाकाच्या चुलीचा चांगला जाळ, एक लोखंडी पळी आणि सांडशीसारखा उघडमीट होणारा दोन पाकळ्यांचा साचा एवढे पुरते. रस ओतायचा, क्षणभर थांबायचे, साचा उघडायचा. गोळी खाली पडते. ओतताना राहिलेले शेपूट कापून टाकायचे, ते पुन्हा पळीत. चुकलेली गोळीही पुन्हा पळीत. युद्धाच्या सामानात इतके घरगुती दुसरे काही नव्हते. तोफ ओतायला ओतारी हवा, बंदुकीची नळी घडवायला कसबी लोहार हवा, दारूत सोरा, गंधक आणि कोळसा यांचे प्रमाण जमायला जाणकार हवा. गोळी मात्र बरकंदाज स्वतः करू शके, त्याच्या घरचे माणूसही करू शके.

अडचण होती ती शिशाचीच. सह्याद्रीच्या काळ्या खडकात शिसे नाही. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड हे वाईभोवतीचे गड घ्या. दगड, चुना, लाकूड, पाणी, धान्य हे सारे आसपासचे. शिसे मात्र दूरचे, पुष्कळदा समुद्रापलीकडचे. युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते सुरत, राजापूर यांसारख्या बंदरांत उतरे. १८१८ नंतर साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारप्रमुखाकडून ८० तोफा आणि आपल्या सर्व तोड्याच्या बंदुकांना पुरेल एवढे शिसे विकत घेतल्याची नोंद आहे. काळ १६७३ च्या आसपासचा. वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच ८० तोफांवर जाते. मला त्या नोंदीतला दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. फ्रेंचांकडून महाराजांनी शिसे घेतले, तयार गोळ्या नव्हेत. शिसे आले की पुढचे काम आपल्या माणसांचे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा, ओल आणि आग यांपासून तो जपावा, अशी तपशीलवार काळजी त्यात घेतलेली दिसते. हे दारूचे झाले. शिशाला असली कसलीच भीती नाही. ते पाण्यात पडले तरी बिघडत नाही, विस्तवात पडले तर वितळते आणि थंड झाले की परत मिळते. झाडलेली गोळीसुद्धा सापडली तर पुन्हा ओतता येते.

गोळी अशी मऊ आणि गोल, बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा थोडी लहानच ठेवावी लागे, कारण काळ्या दारूची काजळी नळीत साचत जाई आणि पाच-दहा बार झाले की घट्ट गोळी गजाने ठासूनही खाली उतरत नसे. सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूने बसेल त्याच्या उलट बाजूला जाई. म्हणून ठासणीच्या बंदुकीचा भरवसा थोड्या अंतरापुरताच. दोनशे पावलांवरचा एकटा माणूस टिपला गेला तर त्यात नेमबाजीपेक्षा नशिबाचा वाटा मोठा.

इथे वाईचीच एक जखम आठवते. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची लेक. तिचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला. मराठी परंपरेत तो गोळी लागून पडल्याचे सांगतात. काशीराजाच्या फारसी वृत्तांतात मात्र त्याच्या देहावर बाणाची आणि तलवारीची जखम असल्याचे म्हटले आहे. काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने तो देह पाहिलेल्यांच्या गोटातून लिहिले, म्हणून मी त्याच्या बाजूला झुकतो. पण दोन पिढ्यांच्या मराठी मनाने त्या मृत्यूला गोळीच जोडली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर रणातला अचानक मृत्यू म्हणजे गोळी, असे समीकरण लोकांच्या मनात बसले होते.

पुढचे शतक नळीच्या आत घडले. नळीच्या आतल्या अंगाला पिळदार खाचा कोरल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते, हे युरोपात फार पूर्वी माहीत होते. त्यासाठी गोळी खाचांत घट्ट बसायला हवी आणि घट्ट गोळी नळीच्या तोंडातून ठासायला फार वेळ लागतो, म्हणून फौजांना ते परवडत नव्हते. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच कप्तानाने शिशाच्या मऊपणाचाच उपयोग करून हा पेच सोडवला. त्याची गोळी लांबट आणि बुडाशी पोकळ. ठासताना सैल उतरते. बार उडाला की दारूचा वायू पोकळ बूड फुलवतो आणि शिसे खाचांत जाऊन बसते. १८५३ ची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावरची. तिची गोळी शुद्ध, मऊ शिशाचीच असावी लागे. कठीण केली तर बूड फुलणार नाही.

आता वंगणाकडे येऊ. उघडे शिसे कोरड्या नळीतून वेगाने गेले की मागे काळ्या दारूचा कडक थर राहतो आणि शिसेही नळीला चिकटते. थोड्याच बारांनंतर खाचा बुजतात. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी किंवा मेण लावावे लागे. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदम येथे ज्या चरबीवरून कुजबुज सुरू झाली ती चरबी काडतुसात होती ती या कारणाने. शाळेच्या पुस्तकात आपण चरबी वाचतो, तिच्या आतले शिसे विसरतो. काडतूस दातांनी तोडण्याचा प्रश्न हा शेवटी मऊ शिशाच्या स्वभावातून निघालेला प्रश्न होता.

साताऱ्याचे सत्तावन्न मात्र या चरबीवर उभे नव्हते, हेही सांगायला हवे. इथला राग राज्य गेल्याचा. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले. रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षे लंडनमध्ये दाद मागत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. त्यानंतरचा कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. स्वतः रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

त्यानंतर सरकारने धडा घेतला तो गोळीच्या अंगानेही घेतला. देशी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागची बंदूक ठेवायची, असे धोरण ठरले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बंदुकाही मागून भरायच्या आल्या. कागदी काडतूस गेले, पितळी काडतूस आले. त्याच्या बुडाच्या मध्यभागी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. मार्टिनी-हेन्रीची गोळी अजून शिशाचीच होती, पण बारा भाग शिशाला एक भाग कथील घालून कठीण केलेली, ३१ ग्रॅमची आणि कागदात गुंडाळलेली. असली गोळी घरी ओतता आली असती. पितळी टरफल आणि टोपी मात्र चुलीवर होत नाही. बरकंदाजाच्या हातून पहिला धागा इथे सुटला.

दुसरा धागा कायद्याने तोडला. १८७८ चा अकरावा कायदा म्हणजे लिटनचा हत्यारांचा कायदा. परवान्याविना हत्यार बाळगायला बंदी, आणि युरोपियनांना त्यातून सूट, एवढे सर्वांना माहीत असते. त्याची व्याख्यांची कलमे सहसा कोणी वाचत नाही. ‘लष्करी सामान’ या शब्दाखाली तिथे तीन वस्तूंची नावे घालून सोय केलेली आहे : शिसे, गंधक आणि सोरा. सरकारला वाटेल तेव्हा, वाटेल त्या मुलखात या पदार्थांनाही कायदा लावता यावा म्हणून. ते कलम लिहिणाऱ्याला मुलूख नेमका कळला होता, असे म्हणावे लागते. बंदुका गोळा करून भागत नाही; ज्याच्या घरात शिसे आणि पळी आहे त्याच्याकडे गोळी आहे. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन उठले. चांगल्या बंदुका आणि काडतुसे यांची चणचण त्यांच्या बंडाला शेवटपर्यंत जाचली.

याच १८७८ सालचा नववा कायदा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा. तोही लिटनचाच. छापखान्याची यंत्रे आणि खिळे जप्त करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. या दोन कायद्यांमध्ये फक्त एका कायद्याचे अंतर आहे. मी हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा प्रथम निव्वळ योगायोग वाटला. मग खिळा कशाचा असतो हे आठवले. छपाईचा खिळा म्हणजे शिसेच. फक्त अँटिमनी आणि कथील घालून कठीण केलेले. तीच पळी, तसाच साचा, जवळजवळ तेवढीच उष्णता. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. खडकीचा कारखानाही १८६९ चाच. एकीकडे गोळीचे शिसे सरकारच्या कोठारात चालले होते आणि त्याच वर्षांत दुसरे शिसे अक्षरे होऊन तालुक्याच्या गावांपर्यंत पसरत होते.

वाईतून ‘मोदवृत्त’ हे साप्ताहिक निघत असे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतरच्या धरपकडीत टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तसाच इस्लामपूरच्या ‘प्रतोद’च्या संपादकावर आणि वाईच्या ‘मोदवृत्त’च्या संपादकावरही झाला. लहान गावातला, मोजक्या वर्गणीदारांचा छापखाना. सरकारला त्याची दखल घ्यावीशी वाटली. लिटनचा वृत्तपत्रांचा कायदा रिपनने केव्हाच रद्द केला होता. हत्यारांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा कायदा होईपर्यंत टिकला.

गोळीच्या गोष्टीतली शेवटची कलाटणी फ्रान्समधून आली. १८८४ मध्ये व्हिएय या रसायनतज्ज्ञाने धूर न करणारी दारू शोधली. तिची ताकद काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त. मार्टिनी-हेन्रीची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर जाई. ‘थ्री-नॉट-थ्री’ची गोळी ६०० मीटर जाऊ लागली. या वेगाला उघडे शिसे टिकत नाही. खाचांना धरून फिरण्याऐवजी ते खरवडून निघते, मागचा तप्त वायू त्याच्या कडा खातो आणि नळी शिशाने लिंपली जाते. यावर स्वित्झर्लंडमध्ये रुबिनने १८८२ पासून खटपट करून तोडगा काढलेलाच होता. शिशावर तांब्याची किंवा तांबेमिश्र धातूची खोळ चढवायची. शिसे आत वजनासाठी राहिले, नळीला स्पर्श खोळीचा. वंगण गेले, चरबी गेली. चाळीस वर्षे आधी ही खोळ आली असती तर दमदमची कुजबुज दुसऱ्या कशावरून तरी झाली असती.

त्याच दमदमच्या कारखान्यात पुढचा अध्याय घडला. सरहद्दीवरच्या लढायांत खोळ चढवलेली गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो धावतच राहतो, अशी गोऱ्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८९६ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरची खोळ काढून शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ते टोक फुलते आणि भयंकर जखम करते. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीची घोषणा झाली. ब्रिटनने तेव्हा सही केली नाही, १९०७ मध्ये मानली. त्या गोळीला जगभर दमदमचे नाव चिकटले.

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले तेव्हा या सगळ्याचा अर्थ प्रत्यक्ष दिसला. कार्यकर्त्यांना गोव्याहून हत्यारे आणवावी लागली. शंभर वर्षांपूर्वीचा रामोशी रानात बसून गोळ्या ओतू शकला असता. त्याच डोंगरातल्या या पोरांना एकेक काडतूस मोजून वापरावे लागे, कारण ते करणारा कारखाना सरकारचा होता. मनुष्यबळ, गावांचा आधार, धाडस सगळे होते, काडतूस नव्हते.

आणि मग स्वतःच भरणारी रायफल. अमेरिकेच्या फौजेने १९३६ मध्ये गॅरंड स्वीकारली. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धात जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले आणि त्यानंतर इशापूरची एसएलआर सर्वत्र आली. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत ही दोन नावे म्हणजे दोन पिढ्या आहेत. थ्री-नॉट-थ्रीत प्रत्येक बारानंतर शिपाई हाताने खटका मागे ओढतो. एसएलआरमध्ये नळीला एक बारीक भोक असते. गोळी त्यापुढे गेली की मागचा थोडा वायू भोकातून निघून दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि स्प्रिंग पुढचे काडतूस आत सारते. शिपायाच्या उजव्या हाताचे काम वायूकडे गेले.

अशा रायफलीत ओतीव शिशाची गोळी घातली तर काय होते? अमेरिकेत हौशी नेमबाज हा प्रयोग कित्येक वर्षे करत आले आहेत आणि त्यात जुन्या सगळ्या अडचणी एकामागून एक परत येतात. शिसे नळीला चिकटू नये म्हणून वेग कमी ठेवावा, तर वायू अपुरा पडतो आणि यंत्रणा अर्ध्यावर अडकते. वेग वाढवावा, तर शिसे खरवडते आणि वंगणासकट त्या बारीक भोकात जाऊन बसते. काडतूस जोराने आत सरकताना मऊ टोक कशावर तरी आपटून वाकडे होते. हाताने खटका ओढायच्या रायफलीत माणूस सांभाळून घेतो. वायू सांभाळून घेत नाही. म्हणून ही मंडळी गोळीच्या बुडाला तांब्याची लहानशी वाटी बसवतात, वेग बेताचा ठेवतात आणि मिश्रण कठीण करतात. आपल्याकडे हा छंद नाही. थ्री-नॉट-थ्री किंवा एसएलआरच्या बोअरची रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि काडतुसाचे भाग व ते करण्याची यंत्रसामग्रीही १९५९ च्या कायद्याने दारूगोळ्यातच धरली आहे.

मिश्रण कठीण करायला ते काय वापरतात, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. लायनो छपाईचे शिसे : ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. ऑफसेट आल्यावर अमेरिकेतले जुने छापखाने मोडीत निघाले आणि त्यांच्या अक्षरांचे गट्टू नेमबाजांनी वजनावर विकत घेतले. आता ते साठे संपत आल्याने त्याला चांगला भाव येतो म्हणे.

आपल्याकडेही खिळे भंगारात गेले. ‘धर्मकोशा’चे खंड, ‘नवभारत’चे अंक ज्या वाईतून निघाले तिथे एकेका पानाला किती शेर शिसे जुळवले जात असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. माझ्या टेबलावर एका बंद पडलेल्या छापखान्यातून उचललेला एक खिळा आहे, ‘ळ’चा. शेजारी मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी. जाळ्याच्या गोळीवर नखाने ओढले की चकचकीत रेघ उमटते. खिळ्यावर उमटत नाही.